घरबसल्या एचएलए टेस्ट: लाल बाणांना घाबरू नका, औषधांचं पान मात्र नीट वाचा

थुंकीचा नमुना पाठवायचा आणि मग एचएलए मार्करवरून, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीच्या काही जीन्सचे आपल्याकडे कुठले प्रकार आहेत त्यावरून, कुठल्या आजाराचा किती धोका हे सांगणारा रिपोर्ट मोबाईलवर येतो, तसलं किट मी घेतलं होतं, त्याबद्दल लिहितेय. कंपनीचं नाव घालत नाहीये, कारण मला जे खटकलं ते असे रिपोर्ट देणाऱ्या कुणाकडेही दिसू शकतं आणि मला भांडण नकोय, लोकांनी नीट बघून घ्यावं एवढंच हवंय. पाचपैकी तीन स्टार. त्यातले दोन नुसत्या औषधांच्या पानाला आणि एक सिलिॲकच्या, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतडं बिघडतं त्या आजाराच्या, पानाला. आजारांच्या बाकीच्या पानांना मी काही देऊ शकत नाही, कारण माहिती खरी असूनही ती अशी मांडलीये की माणूस वाचून चुकीच्या गोष्टीला घाबरतो आणि जिथे खरंच लक्ष द्यायला हवं तिथून सरळ पुढे जातो.

आधी मी हे का घेतलं ते सांगते. दादाला अँकायलोझिंग स्पॉन्डिलायटिस आहे. हा मणक्याचा आणि कमरेच्या खालच्या सॅक्रोइलियाक सांध्यांचा दाह, बहुतेक वेळा तरुणपणीच सुरू होतो आणि वर्षानुवर्षं नुसती पाठदुखी म्हणून अंगावर काढला जातो, दादाचंही तेच झालं, बसायची पद्धत सुधार, गादी बदल, व्यायाम कर असं सगळं ऐकून झाल्यावर शेवटी एका ऱ्हुमॅटॉलॉजिस्टनी, म्हणजे सांध्यांच्या आजारांच्या डॉक्टरांनी, एमआरआय आणि एचएलए-बी२७ या मार्करची टेस्ट करायला सांगितलं आणि मग कुठे निदान झालं. आता दादाकडे बी२७ आहे म्हटल्यावर आई किंवा बाबांपैकी कुणाकडून तरी तो आलाय, आणि त्यांच्याकडे त्याची एक प्रत असेल तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. म्हणजे मलाही. हे कळल्यापासून कंबर जरा धरली की डोक्यात तोच विचार, म्हणून किट मागवलं.

किटबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. नळी, झाकणातलं द्रावण, बारकोड, ॲपमध्ये नोंदणी, अर्धा तास आधी काही खायचं-प्यायचं नाही, झालं. सोबतचं छोटं बुकलेट मात्र छान आहे, मनापासून सांगते. एचएलए म्हणजे ह्यूमन ल्युकोसाइट अँटिजेन हे काय असतं, हे जीन्स सहाव्या क्रोमोसोमच्या आखूड बाजूवर एकमेकांना चिकटून बसलेले असतात आणि म्हणून ते बहुतेक वेळा गठ्ठ्यानेच पुढच्या पिढीत जातात, एक गठ्ठा आईकडून एक बाबांकडून, त्यामुळे दोन सख्ख्या भावंडांचे दोन्ही गठ्ठे जुळण्याची शक्यता २५ टक्के, एक जुळण्याची ५० आणि एकही न जुळण्याची २५, हे सगळं चित्रांसकट दिलंय. फ्रेंच शास्त्रज्ञ ज्यां दोसे यांनी १९५८ मध्ये यातला पहिला अँटिजेन ओळखला आणि १९८० मध्ये त्यांना बेनासेराफ आणि स्नेल यांच्यासोबत नोबेल मिळालं हेही आहे. किडनी किंवा बोन मॅरो देताना 'मॅचिंग' म्हणतात ते याचंच.

आणि या जीन्सपासून बनणारे रेणू करतात काय तेही बुकलेटमध्ये बरं समजावलंय. पेशीच्या आत तयार होणाऱ्या प्रोटीनचे बारीक तुकडे उचलून ते बाहेर मांडायचे, दुकानाबाहेरच्या शोकेससारखे, आणि टी-सेल्स म्हणजे शरीराच्या पहारेकरी पेशी येऊन बघणार की माल आपलाच आहे की व्हायरसचा. ए, बी आणि सी हे क्लास वन, ते आतला माल दाखवतात, डीआर, डीक्यू आणि डीपी हे क्लास टू, ते बाहेरून आत घेतलेल्याचे तुकडे दाखवतात. प्रत्येक माणसाच्या या रेणूंच्या खाचा वेगळ्या आकाराच्या असतात त्यामुळे कुणाच्या खाचेत कुठला तुकडा नीट बसेल हे वेगळं. जगभरात ३०,००० हून जास्त प्रकार नोंदले गेलेत. एकाच्या खाचेत बसणारा तुकडा दुसऱ्याच्या खाचेत बसतच नाही, आणि आजाराच्या धोक्याची सगळी गोष्ट इथूनच सुरू होते.

आता रिपोर्ट.

पहिलंच पान: एचएलए-बी२७ आढळला, अँकायलोझिंग स्पॉन्डिलायटिसचा धोका 'लक्षणीय वाढलेला', शेजारी वर जाणारा जाड लाल बाण. वहिनी शेजारीच बसली होती, तिनं बाण बघितला आणि एकदम म्हणाली, "अगं म्हणजे तुलाही होणार का हे?" आणि माझ्याकडे त्या पानावरून द्यायला काही उत्तरच नव्हतं, कारण 'लक्षणीय' म्हणजे किती हे कुठेही लिहिलेलं नाही. पटीत नाही, टक्क्यात नाही, काहीच नाही.

तो आकडा द्यायला काहीच कठीण नव्हतं, कारण एचएलए आणि आजार यांच्यातलं हे सगळ्यात जास्त अभ्यासलेलं नातं आहे. १९७३ मध्ये लंडन आणि लॉस एंजेलिसच्या दोन टीम्सनी जवळपास एकाच वेळी दाखवलं की या आजाराच्या बहुतेक पेशंट्सकडे बी२७ असतो, युरोपियन वंशाच्या पेशंट्समध्ये साधारण ९० टक्के, आणि त्याच समाजातल्या निरोगी लोकांत साधारण ८ टक्के. हे ऐकून वाटतं की बी२७ म्हणजे आजार पक्का. पण उलट्या बाजूनं बघा ना. १००० लोक घ्या, त्यातल्या ८० जणांकडे बी२७, आणि त्या ८० जणांपैकी आयुष्यात हा आजार होणारे किती तर एक ते चार. टक्क्यात सांगायचं तर बी२७ असलेल्यांपैकी १ ते ५ टक्के. बाकीचे सगळे तो मार्कर घेऊन आयुष्य काढतात आणि त्यांना कधी कळतही नाही. पेशंट्समध्ये किती जणांकडे मार्कर आहे आणि मार्कर असलेल्यांपैकी किती जण पेशंट होतात हे दोन पूर्ण वेगळे प्रश्न आहेत आणि लाल बाण या दोन्हींची खिचडी करून टाकतो, माझी सगळ्यात मोठी तक्रार ही.

आणि दुसरी तक्रार याच पानाबद्दल, ती मला जास्त गंभीर वाटते. नोंदणीच्या फॉर्ममध्ये वय, लिंग, वजन, उंची सगळं विचारलं, सिगारेट ओढता का विचारलं, पण घरात कुणाला हा आजार आहे का हे विचारलंच नाही. वर सांगितलेला १ ते ५ टक्क्यांचा आकडा सर्वसाधारण बी२७ वाल्यांचा आहे. ज्यांच्या सख्ख्या भावाला किंवा बहिणीला, आईला, वडिलांना हा आजार आहे आणि स्वतःकडेही बी२७ आहे, त्यांच्यासाठी तो १० ते २० टक्क्यांपर्यंत जातो. मार्कर तोच, नळी तीच, लॅब तीच, आणि धोक्यात एवढा फरक, कारण बी२७ एकटा काही करत नाही, बाकीचे जीन्सही घरातूनच येतात. उदाहरणार्थ ईआरएपी१ नावाचा जीन, तो ज्या एन्झाइमची कृती देतो ते एन्झाइम प्रोटीनचे तुकडे छाटून एचएलएच्या खाचेत बसतील एवढे करतं, आणि त्याच्या काही प्रकारांचा या आजाराशी जो संबंध आहे तो मुख्यतः बी२७ असलेल्या लोकांमध्ये दिसतो. म्हणजे तुकडे कसे छाटले जातात आणि कुठल्या खाचेत बसतात या दोन्हीचा मेळ बसला तर गडबड. एका ओळीचा प्रश्न विचारला असता तर माझा रिपोर्ट आणि ज्याच्या घरात कुणालाच काही नाही अशा माणसाचा रिपोर्ट वेगळा आला असता. आत्ता दोघांनाही तोच बाण.

मी दादाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मोबाईल बघितला, बाजूला ठेवला आणि विचारायला लागले. सकाळी उठल्यावर पाठ आखडलेली असते का, असली तर मोकळी व्हायला अर्ध्या तासापेक्षा जास्त लागतो का. विश्रांती घेतल्यावर बरं वाटतं की हालचाल केल्यावर. रात्रीच्या उत्तरार्धात दुखण्यानं जाग येते का. कधी एक डोळा लाल होऊन दुखलाय का, उजेड सहन होत नाही असं झालंय का. टाच दुखते का. माझं दुखणं दिवसभर खुर्चीत बसल्यानंतरचं, पडलं की थांबणारं, म्हणजे अगदी साधं. दादाचं उलटं होतं, पडून राहिलं की वाढायचं आणि चाललं-फिरलं की कमी. डॉक्टर म्हणाले, "मार्कर तुमच्याकडे आहे हे कळलं, चांगलं झालं, आता मी सांगितलेलं यातलं काही तीन महिने टिकलं तर लगेच या. आत्ता काही तपासण्या नकोत." डोळ्याचं त्यांनी दोनदा सांगितलं, अचानक होणाऱ्या आयरायटिसच्या (डोळ्याच्या आतल्या दाहाच्या) पेशंट्सपैकी जवळपास निम्म्यांकडे बी२७ असतो आणि तिथे उशीर झाला तर नजरेचं नुकसान होतं, त्यामुळे डोळा लाल आणि दुखरा झाला तर नुसते ड्रॉप्स घालून बसायचं नाही, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. या पाच मिनिटांत मला जे मिळालं ते रिपोर्टच्या कुठल्याच पानावर नाहीये, आणि बी२७ च्या पानावर खरं तर हेच हवं होतं.

आणि हो, उलटंही खरं आहे. बी२७ नाही म्हणून स्पॉन्डिलायटिस नाहीच असं नसतं, मार्कर नसलेले पेशंटही असतात. हिरवा बाण आला म्हणून वरची लक्षणं अंगावर काढू नका.

सिलिॲकचं पान वेगळं. ते चांगलं जमलंय आणि इथे टेस्टचा खरा उपयोग कळतो. सिलिॲकमध्ये ग्लुटेनचे तुकडे आतड्यातलं ट्रान्सग्लुटामिनेज नावाचं एन्झाइम किंचित बदलतं, त्यांच्यावर ऋण भार येतो आणि मग ते डीक्यू२ किंवा डीक्यू८ च्या खाचेत घट्ट बसतात, टी-सेल्स चिडतात आणि आतड्याच्या आतल्या आवरणावर हल्ला होतो. म्हणजे इथे मार्कर आणि आजार यांच्या मधली सगळी साखळी माहितीये. जवळजवळ सगळ्या पेशंट्सकडे डीक्यू२ किंवा डीक्यू८ पैकी एक असतोच, त्यामुळे दोन्ही नसतील तर सिलिॲक असण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी, विषय जवळपास संपला. पण असले तर? बऱ्याच देशांत ३० ते ४० टक्के लोकांकडे यातलं काहीतरी असतं आणि आजार होतो साधारण १ टक्का लोकांना, म्हणजे मार्कर असलेल्या शंभरातल्या तिघांना वगैरे. रिपोर्टनं इथे स्पष्ट लिहिलंय की 'नाही' हे उत्तर उपयोगाचं, 'हो' हे उत्तर नुसती शक्यता. शाब्बास. हेच बी२७ च्या पानावर का नाही लिहिलं?

मला डीक्यू२ आलाय, पोटाचा त्रास काही नाही, त्यामुळे मी काही बदललं नाही. पण ज्यांना त्रास आहे आणि रिपोर्टमध्ये डीक्यू२ बघून जे लगेच गहू बंद करतात त्यांना कळकळीनं सांगते, आधी टीटीजी-आयजीए ही साधी रक्ताची टेस्ट करा, ग्लुटेन खात असतानाच करा. बंद केल्यावर अँटिबॉडीज उतरतात, आतडं भरून यायला लागतं, आणि मग टेस्ट नॉर्मल येऊन डॉक्टरांनाही कळत नाही की आजार होता की नाही. रिपोर्टमध्ये हे अगदी तळाला बारीक अक्षरात आहे, ते वर मोठं हवं.

मग येतं ते पान जे वाचून मी खरंच चक्रावले. नार्कोलेप्सीच्या, म्हणजे दिवसा अनावर झोप येते त्या आजाराच्या, पानावर डीक्यूबी१*०६:०२ हा मार्कर आढळला म्हणून लाल बाण. चार पानं पुढे टाइप वन डायबिटीस, तिथे 'संरक्षक मार्कर आढळला' म्हणून हिरवा बाण. त्याच्या पुढे मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार), परत लाल. मी मार्करची नावं शोधत बसले तर टाइप वनच्या पानावरचा संरक्षक मार्करसुद्धा डीक्यूबी१*०६:०२ च! आणि एमएसच्या पानावरचा डीआरबी१*१५:०१ हा त्याचाच शेजारी, दोघं एकाच गठ्ठ्यातून येतात. एकच वारसा, एका आजारात धोका वाढवणारा आणि दुसऱ्यात चांगलंच संरक्षण देणारा, आणि रिपोर्ट वाचताना वाटतं की तीन वेगळ्या गोष्टी सापडल्या, दोन वाईट एक चांगली. नार्कोलेप्सी टाइप वनच्या पेशंट्समध्ये हा मार्कर ९५ टक्क्यांहून जास्त जणांत असतो, मेंदूतल्या, जागं ठेवणारं हायपोक्रेटिन बनवणाऱ्या पेशी नाहीशा होतात तो आजार, पण हा मार्कर अनेक समाजांत १०० पैकी १२ ते २५ निरोगी लोकांकडेही असतो आणि आजार मात्र दोनेक हजारांत एखाद्याला. एमएसचा धोका साधारण तिप्पट म्हणतात, तोही मुळात कमी असलेल्या आकड्याच्या तिप्पट.

टाइप वन डायबिटीसची गोष्ट तर अजूनच गुंतागुंतीची, कारण डीक्यू२ असलेला माझा दुसरा गठ्ठा डीआर३ चा, म्हणजे टाइप वनचा धोका वाढवणारा. सगळ्यात जास्त धोका डीआर३ आणि डीआर४ दोन्ही एकत्र असलेल्या मुलांना, तरीसुद्धा तो साधारण वीसात एक. माझ्यात डीआर३ समोर ०६:०२ आहे आणि तिथे सहसा संरक्षणच वरचढ ठरतं. दोन्ही गठ्ठे एकत्र बघितल्याशिवाय काही कळत नाही आणि रिपोर्ट मात्र एका पानाला एक मार्कर, एक बाण अशा हिशोबानं चालतो. सुरुवातीलाच एका पानावर 'तुमचे दोन गठ्ठे हे, त्यात हे-हे मार्कर' एवढं चित्र दिलं असतं तर निम्मा गोंधळ मिटला असता.

मला हे सगळं वाचून एक गोष्ट मनापासून पटली की चांगला मार्कर वाईट मार्कर असं काही नसतंच. बी२७ जो दादाच्या पाठीला लागला तोच एचआयव्ही झालेल्यांमध्ये व्हायरसला बराच काळ आवरून धरतो, बी५७ पण तसाच. गांबियातल्या मुलांमध्ये १९९१ मध्ये दाखवलं गेलं की बी५३ असलेल्यांना गंभीर मलेरियापासून संरक्षण मिळतं. संसर्गांशी झगडताना हे प्रकार टिकले, आपल्यापर्यंत आले, आणि त्याची किंमत कुणाला तरी सांध्यांत मोजावी लागतेय. दादाला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ वाचत बसला होता, त्याला कुणी कधी असं सांगितलंच नव्हतं, नेहमी 'तुझ्यात दोष आहे' याच सुरात ऐकलेलं.

संधिवात म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, सोरायसिस, बेहचेट (रक्तवाहिन्यांच्या दाहाचा आजार) यांची पानं पण आहेत. ठीक आहेत. ऱ्हुमॅटॉइडच्या पानावर डीआरबी१ चे धोक्याचे प्रकार आणि सिगारेट एकत्र आले की धोका नुसता बेरजेनं नाही, त्याहून खूप जास्त वाढतो हे लिहिलंय, ते आवडलं, कारण मार्कर बदलता येत नाही पण सिगारेट सोडता येते.

आता औषधांचं पान, ज्यासाठी मी दोन स्टार राखून ठेवले. हे सगळ्यात शेवटी आहे, जाहिरातीत त्याचा उल्लेखही नाही, आणि माझ्या मते अख्ख्या रिपोर्टचा जीव इथे आहे. काही औषधं काही एचएलए प्रकार असलेल्या माणसांमध्ये भयानक रिॲक्शन आणतात. फिट्ससाठी आणि चेहऱ्याच्या नसेच्या दुखण्यासाठी देतात ते कार्बामाझेपिन, आणि बी*१५:०२. तैवानमध्ये २००४ साली बघितलं तर या औषधानं स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम झालेल्या ४४ च्या ४४ पेशंट्सकडे हा मार्कर होता आणि औषध सोसलेल्यांपैकी फक्त ३ टक्क्यांकडे. स्टीव्हन्स-जॉन्सन म्हणजे अंगावर चट्टे, तोंडात आणि डोळ्यांत फोड, कातडी भाजल्यासारखी सुटते, जिवावर बेततं. २००७ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं आशियाई वंशाच्या लोकांना हे औषध सुरू करण्याआधी ही टेस्ट करायला सांगितली. गाऊटसाठीचं (युरिक ॲसिडमुळे सांधे सुजतात ते) ॲलोप्युरिनॉल आणि बी*५८:०१, तसंच. आणि एचआयव्हीचं अबाकाविर आणि बी*५७:०१, इथे तर २००८ मध्ये मोठी चाचणी झाली, १,९५६ पेशंट्स, आधी मार्कर तपासून ज्यांच्याकडे तो आहे त्यांना औषधच दिलं नाही, तर त्या गटात पक्की सिद्ध झालेली रिॲक्शन शून्य, आणि न तपासलेल्या गटात २.७ टक्के. शून्य! आजारांच्या पानांवर सगळं 'कदाचित', 'शक्यता', 'इतर घटक', आणि इथे एक मार्कर, एक औषध, एक निर्णय. औषध बदललं की धोका गेला. बी५७ परत दिसला ना, एचआयव्हीला आवरणारा तोच?

हे पान डाउनलोड करायला वेगळं बटन नाही, सगळा रिपोर्ट एकत्रच उतरवावा लागतो, आणि डॉक्टरांना साठ पानी फाइल कोण दाखवणार. एका पानाचं कार्ड द्या, खिशात ठेवता येईल असं. मी त्यांना लिहिलंय, बघू.

पण, आणि हा मोठा पण आहे, हे मार्कर त्यांनी थेट वाचलेले नाहीत. रिपोर्टच्या शेवटी 'पद्धत' म्हणून एक परिच्छेद आहे तो शोधून वाचा. एचएलएचे जीन्स पूर्ण वाचणं महाग आणि किचकट, म्हणून अशा किटमध्ये बऱ्याचदा आजूबाजूचे एसएनपी म्हणजे डीएनएमधले एकेका अक्षराचे फरक बघतात आणि त्यावरून एचएलए प्रकाराचा अंदाज बांधतात, कारण गठ्ठ्यानं येत असल्यामुळे शेजारी कोण आहे यावरून घरात कोण असेल ते बरंचसं कळतं. पण हे शेजारपण जगभर सारखं नसतं. एका वंशात जो एसएनपी बी२७ ची पक्की खूण तोच दुसऱ्या वंशात कच्ची, आणि यातला खूप डेटा युरोपियन वंशाच्या लोकांचा आहे, त्यामुळे बाकीच्यांसाठी अंदाज चुकण्याची शक्यता जास्त. शिवाय बी२७ मध्येही पोटप्रकार आहेत, बी*२७:०५ चा आजाराशी घट्ट संबंध, बी*२७:०६ आणि बी*२७:०९ चा जवळपास नाहीच, आणि माझ्या रिपोर्टमध्ये नुसतं 'बी२७' एवढंच. मी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर साध्या लॅबमध्ये बी२७ परत करून घेतली, तीही पॉझिटिव्ह आली, म्हणजे माझ्या बाबतीत अंदाज बरोबर होता. पण औषधांच्या बाबतीत या अंदाजावर कुणीही विसंबू नये, ना हो साठी ना नाही साठी. कार्बामाझेपिन सुरू करायची वेळ आली तर नीट क्लिनिकल लॅबमधली टेस्ट मागून घ्या, किटचा रिपोर्ट हा 'डॉक्टर, हे तपासायचं का' असं विचारायला निमित्त म्हणून वापरा.

पॅकेजमध्ये जेनेटिक काउन्सेलरशी एक कॉल असतो, तो नक्की घ्या, बरेच लोक घेत नाहीत. माझ्या कॉलला वहिनीही बसली, कारण तिला तिच्या मुलाची, म्हणजे माझ्या भाच्याची टेस्ट करायची होती, तो अजून शाळेत आहे. तिनं विचारलं, "मॅडम, आत्ताच कळलं तर पुढे काळजी घेता येईल ना?" त्या बाईंनी फार छान सांभाळलं. त्या म्हणाल्या, "काळजी कसली घ्याल ते मला सांगा. आजार थांबवणारं औषध आत्ता देता येत नाही, खेळणं बंद करायचं नाहीये, उलट खेळायलाच हवं. त्याला काही होत नसताना लाल बाण दिला तर प्रत्येक वेळी खेळताना पाय दुखला की तुम्ही त्या बाणाकडे बघणार, आणि तोही. लक्षणं तुम्हाला माहिती आहेत, घरात आजार आहे हे त्याच्या डॉक्टरांना माहिती आहे, एवढं पुरे. मोठा झाला की त्याचा निर्णय तो घेईल." वहिनीला पटलं, मलाही. किट विकणाऱ्याच कंपनीच्या काउन्सेलरनं किट घेऊ नका म्हणून सांगितलं याचं मला कौतुक वाटलं, म्हणजे निदान ती बाजू प्रामाणिक आहे.

प्रायव्हसीचं थोडक्यात: ॲपमध्ये 'संशोधनासाठी डेटा वापरू द्या' हे आधीपासूनच टिक केलेलं होतं, मी काढलं. लक्षात घ्या की तुमचा एचएलए हा तुमच्या एकट्याचा नाही, निम्मा आईचा निम्मा बाबांचा, भावंडांबद्दलही त्यातून अंदाज येतो. म्हणून मी घरात सगळ्यांना विचारून मगच नमुना पाठवला. नमुना नष्ट करा अशी विनंती करायची सोय आहे, सेटिंगमध्ये बरीच आत आहे, केली तर ईमेलवर पोच येते.

तर घ्यावं का? घरात कुणाला फिट्स आहेत, गाऊट आहे, म्हणजे ही औषधं लागू शकतात, त्यांनी किटपेक्षा थेट डॉक्टरांना मार्कर टेस्टबद्दल विचारावं, ते पैसे जास्त सत्कारणी लागतील. सिलिॲक घरात असेल आणि आपल्याला शक्यता तरी आहे का एवढंच बघायचं असेल तर उपयोग होईल. पाठदुखीसाठी घेणार असाल तर नका घेऊ, आधी ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे जा, लक्षणं सांगा, बी२७ लागली तर ते लिहून देतील आणि ती एकटी टेस्ट या अख्ख्या किटपेक्षा स्वस्त पडते. आणि ज्यांनी आधीच घेतलंय आणि रिपोर्ट हातात आहे त्यांनी प्रत्येक लाल बाणाच्या पानावर पेननं दोन गोष्टी लिहून घ्या: हा मार्कर असलेल्या शंभर जणांपैकी किती जणांना आजार होतो, आणि माझ्या सख्ख्या नात्यात कुणाला आहे का. पहिली गोष्ट रिपोर्टमध्ये मिळणार नाही, काउन्सेलरला विचारा, त्या कॉलमध्ये वेळ पुरतो.